कोल्हापुरी म्हणजे चप्पल का बंधारा?

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो, कोल्हापुरी म्हणजे काय? चप्पल, मिसळ, साज... मागनं कोण तरी बंधारा म्हणालं, ते नक्की पाटबंधारे खात्यातले. सगळंच बरोबर. घालायचं काय नि खायचं काय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मशीनला मात्र लागतं.

अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी आहे, तिथं टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमनं जानेवारी २०१० मध्ये नेल नावाचा प्रोग्रॅम चालू केला. काम एकच, दिवसरात्र वेबपेजेस वाचायची आणि त्यातनं माहिती वेचायची. शहर, कंपनी, खेळाडू असे शेकडो प्रकार आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं त्याला आधी दिली, म्हणजे आपल्याकडं उसाचं बेणं देतात तसं. मग शहरांची नावं जिथं येतात तिथं आजूबाजूला काय लिहिलंय ते मशीन बघतं, "अमक्याचे महापौर" असं सारखं दिसलं की अमक्याच्या जागी येणारं ते शहर, मग त्या वाक्यावरनं नवी शहरं, त्या शहरांवरनं नवी वाक्यं, फुटवे फुटतच जातात.

आता एखादं कांडंच किडकं निघालं तर? नेलनं ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे वेबसाईट आपल्या कॉम्प्युटरवर ठेवते त्या बारक्या नोंदी, बेकरीच्या मालात धरल्या. पुढं "कुकीज डिलीट केल्या" वाचलं, "फाईल्स डिलीट केल्या" पण वाचलं, झालं, फाईल्सपण खारी-नानकटाईच्या लाईनीत! शेवटी माणसांनी मध्ये पडून ते निस्तरलं.

याच्यावरचा त्यांचा उपाय मला लई आवडतो. शेकडो गोष्टी एकदम शिकवायच्या आणि त्यांचाच एकमेकींवर पहारा ठेवायचा. शहर असेल तर ते माणूस नसणार, पायात घालायचं असेल तर ताटात येणार नाही. शिवाय वाचणारे पण वेगवेगळे, एक वाक्यं बघतो, एक पानावरच्या याद्या नि टेबलं, एक नुसती शब्दाची ठेवण. त्यांचं जुळलं की खात्री वाढते. गंगावेशीत दूध प्यायला उभं राहिल्यावर आपण हेच करतो की, एकाचं बोलणं सोडून देतो, दुसऱ्या पेठेतल्यानं तेच सांगितलं की कान टवकारतो. फक्त दुसऱ्यानं पहिल्याकडनंच ऐकलं असेल तर संपलं, आणि वेबवर एकाचं लिहिलेलं दहाजण चिकटवतात, माझा खरा घोर तिथंच आहे.

ऑक्टोबर २०१० पर्यंत नेलकडं ३,९०,००० गोष्टी जमल्या होत्या, अंदाजे ८७ टक्के बरोबर. परीक्षेत डिस्टिंक्शन झालं, पण उरलेल्या १३ टक्क्यांवर पण पुढचं शिक्षण चालूच राहतं ना.

मराठीत हे जमेल का असं मघाशी एका ताईंनी विचारलं. जमेल, पण वैताग आहे. आपलं कोल्हापूर एका जागी नीट उभं राहतच नाही, कोल्हापुरात, कोल्हापूरला, कोल्हापूरकर, मशीननं हे सगळं एकच म्हणून ओळखायचं. वर इंग्रजीत नावाला कॅपिटल अक्षर असतं, आपल्याकडं ती सोय नाही. "त्यानं आशा सोडली" असं वाचलं तर मशीन विचारणार, कुठं सोडली, सीबीएस स्टँडवर?