मशीन नेमकं कुठे थांबलं?

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते, आणि कितीतरी जुने प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे धडधाकट संगणक घराघरांत, शाळांत धूळ खात पडले आहेत. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी असा माझा आग्रह आहे. पण पहिल्याच प्रयत्नात कुठेतरी घोडं अडतं, ‘मशीन जुनं आहे, त्याला झेपत नाही’ असा निकाल दिला जातो आणि विषय संपतो. या घाईच्या निकालाचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

बटण दाबल्यावर काम हातोहात पुढे सरकतं. आधी बायोस (मदरबोर्डवरचा, मशीन जागं करणारा प्रोग्रॅम), मग ग्रब (काय सुरू करायचं ते विचारणारा मेनू), मग कर्नल (लिनक्सचा गाभा), त्यानंतर ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि सगळ्यात शेवटी डेस्कटॉप. म्हणून ‘लिनक्स चालत नाही’ असं म्हणण्याआधी पडद्यावर शेवटचं काय दिसलं ते पाहा. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. दोष कुठे शोधायचा हे त्यावरूनच ठरतं.

समजा, पेनड्राइव्ह लावूनही थेट विंडोजच सुरू झालं. म्हणजे लिनक्सपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. आयएसओ, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, ती रूफससारख्या साधनाने लिहावी लागते. तिथे जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर (डिस्कच्या मांडणीची जुनी पद्धत) हा पर्याय निवडायचा. बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या यादीची, कळ कंपनीगणिक बदलते, एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पाहा.

प्रोसेसर ६४ बिटचा नसेल तर कर्नल पहिल्याच ओळीत तसं स्पष्ट सांगतो. इथे नावांचा गोंधळ होतो. २००६ सालच्या सुरुवातीला आलेला इंटेलचा कोअर ड्युओ ३२ बिटचा आणि त्याच वर्षी नंतर आलेला कोअर टू ड्युओ ६४ बिटचा. ३२ बिटवाल्यांसाठी पर्याय आता कमी उरलेत. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात १२व्या आवृत्तीपर्यंत ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळत होता, २०२५च्या डेबियन १३पासून तो बंद झाला.

सगळ्यात जास्त लोक धीर सोडतात ते काळ्या पडद्यापाशी. मेनू दिसतो, एंटर दाबलं की अंधार. अशा वेळी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा बहुधा जिवंत आहे, फक्त चित्र उमटत नाही. कर्नल पडद्याचा ताबा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे देतो, आणि जुन्या चिपवर ही देवाणघेवाण कधीकधी फसते. मग मशीन पुन्हा सुरू करा, ग्रबच्या मेनूत इंग्रजी ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा सलग शब्द इंग्रजीत लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही तो पुन्हा लागू शकतो. शिवाय हा तात्पुरता उपाय आहे, चित्र थोडं संथ चालेल. एकदा डेस्कटॉप दिसला की योग्य ड्रायव्हर शोधता येतो.

इन्स्टॉलेशन अर्ध्यावर तुटलं आणि इनपुट-आउटपुट एरर दिसली, तर लिनक्सची आवृत्ती बदलत बसू नका. आयएसओचा चेकसम (फाइल धड उतरली का ते कळणारा आकडा) ताडून पाहा, दुसरा पेनड्राइव्ह घ्या, मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा आणि हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, वाचा. रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तर ती डिस्क काढा. स्वस्तातली एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवली तर त्याच मशीनचा वेग पाहून तुम्ही थक्क व्हाल.

वायफाय दिसत नसेल तर बऱ्याचदा कार्डाचं फर्मवेअर (ते चालवणारी छोटी फाइल) नसतं, ब्रॉडकॉमच्या कार्डांत विशेष. मग नेटशिवाय फर्मवेअर आणायचं कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनचं नेट संगणकाला देणारं यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्यापुरतं नेट मिळतं.

आता एक दोष, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही: मदरबोर्डवरचा, संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ बटन सेल. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमध्ये तो संपलेला असतो. मग वीज काढली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि अपडेट करायला गेलात तर ‘ही फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. लोक नेट तपासतात, राउटर बदलतात. त्याच सेलमुळे जुन्या बोर्डांवरच्या बायोसच्या सेटिंगही पुसल्या जातात, म्हणून काल सुरळीत चाललेलं लिनक्स आज बूटच होत नाही. लॅपटॉपमध्ये तो सेल बहुधा वायरीच्या तुकड्यासह येतो, डेस्कटॉपमध्ये मात्र बोटाने निघतो. आधी प्लग काढा, मग नवा सेल बसवा, बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम लावा आणि मगच अपडेट पुन्हा चालवा.