फॉन्ट देणं हे वाचनालयाचं काम आहे

(मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने तालुक्याच्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, ग्रंथपालबाई आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'संगणकावर मोफत मराठी फॉन्ट कसे बसवावेत'. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींचं सांगणार आहे. पण आधी माझ्या मामीच्या ओव्यांचं सांगू द्या. त्या ओव्यांचं जे झालं ते झालं नसतं, तर मी या वाटेला आलोच नसतो.

मामी जात्यावर ओव्या म्हणायची. 1998 साली मामांनी तिला समोर बसवून त्या एका दोनशेपानी वहीत उतरवल्या आणि बाजारपेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतल्या. चार-पाच झेरॉक्स प्रती लेकी-सुनांना दिल्या, फाइल फ्लॉपीवर घेतली, पुढे सीडीवर. 2005 च्या पुरात वही गेली. त्यानंतर दोन वर्षांनी मामी गेली. आम्हाला वाटायचं, सीडी आहे ना, मग काळजी कशाची.

2014 मध्ये तिच्या नातीनं ओव्या मागितल्या. मी मोठ्या हौसेनं सीडी लावली. फाइल उघडली, आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस. नात म्हणाली, "दादा, आजीचं हे काय झालं?" मला उत्तर देता येईना. दुकान बंद होऊन वर्षं झाली होती, आणि फॉन्ट त्या दुकानाच्या संगणकात होता.

काय झालं होतं, ते जरा नीट समजून घ्या, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी अशा फाइली पडून आहेत. त्या काळचे बरेच फॉन्ट संगणकाला मराठी शिकवतच नव्हते. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याचं चित्र मराठी काढलं जायचं. कृतिदेव घ्या. त्यात 'मराठी' लिहिलं, की फाइलमध्ये साठतं ते ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. ई दिसला की म काढ, जे दिसला की र काढ, इतकंच त्या फॉन्टला ठाऊक. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी उघडी पडते. आणि प्रत्येक कंपनीची कळ-अक्षराची सोयरीक वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टात उघडली, तर मराठी दिसते खरी, पण वाचता येत नाही.

युनिकोड 1991 मध्ये आलं, त्यानं हे मुळातून बदललं. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. म चा क्रमांक 2350. फॉन्ट कुठलाही लावा, बदला, पुसून टाका, फाइलमध्ये 2350 च राहतो, म्हणजे म हा म च राहतो. विंडोज 2000 बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. हे नाव या गावातल्या प्रत्येक टायपिंग शिकणाऱ्या मुलाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर ओव्या. एका मावसबहिणीच्या ट्रंकेत तळाला झेरॉक्सची एक प्रत सापडली. ती शेजारी ठेवून जुना फॉन्ट ओळखला, मजकूर युनिकोडमध्ये फिरवला. वेलांट्या निम्म्या चुकीच्या जागी पडल्या, कारण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. आणि 'सासऱ्याचा' या शब्दाचा सगळीकडे 'सासर्याचा' झाला. जात्यावरच्या ओव्यांत सासरा किती वेळा येतो, ते इथल्या बायकांना सांगायला नको. मी एकेक ऱ्या हातानं दुरुस्त केला. संध्याकाळी दोन तास, चार महिने. प्रतीला जिथे घडी पडली होती, तिथल्या सात ओळी अजूनही लागलेल्या नाहीत.

मग पुस्तिका छापली. पहिली प्रत मामेबहिणीच्या हातात दिली. तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "हा ल आईचा नव्हे." छापखान्यात जो फॉन्ट हाताशी होता, त्यात ल उजवीकडे पूर्ण दंड असलेला, हिंदीत असतो तसा. श सुद्धा तसाच. मामी तिला पाटीवर पाकळ्यांचा ल गिरवायला लावायची. बहीण बोलली ते बरोबरच होतं. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच सांगितलेत, आणि 2022 मध्ये ते पुन्हा बजावून सांगितलं. तरी आजही लग्नपत्रिका पाहा, दुकानाच्या पाट्या पाहा.

यावर माझं म्हणणं असं, की वाचनालय जसं पुस्तक देतं, तसा त्यानं फॉन्ट द्यावा. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे शक्य नव्हतं. खिळ्यांच्या पेट्या जड, महाग आणि छापखान्याच्या मालकीच्या. आता फॉन्ट म्हणजे फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान फाइल. पण फुकट मिळाला म्हणजे तो मुक्त झाला, असं नाही. कुणाचा तरी विकतचा फॉन्ट पेनड्राइव्हवर फिरतोय, ती चोरी आहे. आपल्याला हवेत 'ओपन फॉन्ट लायसन्स'वाले. फॉन्ट उतरवला की तो झिपमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गाठोड्यात येतो. त्यात 'ओएफएल' नावाची छोटी मजकुराची फाइल असते, ती आधी बघा. हे लायसन्स सांगतं : वापरा, बदला, वाटा, पुस्तकात छापा, पुस्तक विका. नुसता फॉन्ट तेवढा वेगळा विकू नका. अक्षर घडवायला वर्षं घालवलेल्या माणसांनी आपल्याला दिलेली ही...

(इथे चिठ्ठी आली.) दहा मिनिटं म्हणताय? बरं, भराभर सांगतो. लिहून घ्या.

आधी कोणता फॉन्ट घ्यायचा. मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी'. नावातच मराठी आहे, ल आणि श मुळातूनच आपले. त्यात ठळक मात्र नाही. मथळ्यांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त', सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींत मिळतो. संस्कृत बरंच असेल, तर आयआयटी मुंबईचा 'शोभिका'. 'नोटो सान्स देवनागरी' पण चांगला, त्याची गंमत पुढे सांगतो.

विंडोज. झिप उतरवली की आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'. झिपच्या आतूनच फॉन्ट उघडायला जाऊ नका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आत टीटीएफ किंवा ओटीएफ फाइली असतील, त्याच फॉन्टच्या फाइली. 'स्टॅटिक' नावाचा फोल्डर असेल, तर त्यात प्रत्येक जाडीची वेगळी फाइल असते, वर्डसाठी त्यातल्या घ्या. सगळ्या निवडा, राइट क्लिक, 'इन्स्टॉल'. एकच संगणक चार जण वापरत असतील, तर 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स', त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. वर्ड उघडं असेल तर बंद करून परत उघडा. आणि हो, विंडोज 10 पासून मंगल आपोआप येईलच असं नाही, 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. जुनं पत्र वेगळं दिसतंय म्हणून घाबरू नका, मजकूर शाबूत असतो.

मॅक. फाइलवर डबल क्लिक, फॉन्ट बुक उघडतं, 'इन्स्टॉल'. झालं.

लिनक्स. होम फोल्डरमध्ये 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' फोल्डर. नसेल तर करा. फाइली तिथे टाका, टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'एफसी-कॅश' चालवा, की संगणक नव्या फॉन्टांची नोंद घेतो. 'एफसी-लिस्ट'ला भाषा म्हणून 'एमआर' दिलं, की मराठी लिहू शकणाऱ्या सगळ्या फॉन्टांची यादी येते. मी दर नव्या संगणकावर पहिलं काम हेच करतो.

आता नोटोची गंमत. त्यात दोन्ही ल आहेत. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडा. भाषा हिंदी असेल तर दंडाचा ल, मराठी केली की त्याच जागी, तुमच्या डोळ्यांदेखत, पाकळ्यांचा ल. मामेबहिणीला हे दाखवलं, तेव्हा ती तीन वेळा पुढे-मागे करून बघत बसली होती.

शेवटचं. फाइल दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करा, फॉन्ट आत बांधला जातो. वर्डचीच फाइल द्यायची असेल, तर सेव्हच्या ऑप्शन्समध्ये 'एम्बेड फॉन्ट्स' आहे. आणि तुमच्या जुन्या फॉन्टातल्या फाइली आहेत ना, त्या छापलेली प्रत हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. प्रतीला घडी घालू नका.

हा पेनड्राइव्ह ग्रंथपालबाईंकडे ठेवतोय. चारही फॉन्ट आहेत, प्रत्येकाच्या शेजारी त्याची लायसन्सची फाइल आहे, ती काढू नका. ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी चहा घेऊन मागच्या टेबलापाशी या. मी साडेसातच्या गाडीपर्यंत आहे.