बागेच्या दाराशी

नमस्कार, श्रोतेहो. बागेच्या प्रवेशाशी एखादं शिल्प उभारायचं असेल, तर माझं पहिलं सांगणं एकच: आधी सांगाडा उभा करा. कागदावरचं चित्र नाही, टेबलावरचं मॉडेल नाही. बांबू, सुतळी आणि कापड घेऊन, खऱ्या उंचीचा, नेमक्या त्याच जागेवर.

हे मला एका माळीकाकांमुळे कळलं. एका बागेच्या तोंडाशी पोलादी पत्र्याचे दोन उभे पंख लावायचे, साडेतीन मीटर उंच, एकमेकांकडे झुकलेले, असं मी ठरवलं होतं. मॉडेलच्या मी इतकी प्रेमात होते की पत्रा कापायला देणारच होते. एक दिवस बांबू रोवून पाहू म्हटलं आणि सकाळीच सांगाडा बांधला. काका ढकलगाडी घेऊन आले. थांबले. म्हणाले, "ताई, गाडी जाईल यातून. पण बहावा गेला की हो!"

मी रस्त्यावर, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आत वीसेक पावलांवर जुना बहावा होता आणि माझ्या डाव्या पंखाने तो पुरता झाकला होता. मग दुपारपर्यंत आम्ही बांबू उपटत आणि रोवत होतो. काका रस्त्यावरून ओरडायचे, "अजून हातभर... अजून थोडं... बास!" दोन पंखांच्या फटीत अख्खं झाड उभं राहिलं. जाता जाता काका बोलले, "झुकतं ठेवलंत तर पोरं चढणार." म्हणून पंख सरळ केले. पुढे बहावा फुलला, तेव्हा लोक फाटकाशी थबकून त्या पिवळ्या फटीकडे बघायचे. पंखांकडे कुणी बघेना, आणि मला फार आनंद झाला.

रुमानियात तर्गू जिऊ इथे शिल्पकार ब्रांकुशीचं 'चुंबनाचं द्वार' आहे, 1938 सालचं. भक्कम दगडी काम, पण मधून चालत बागेत जाता येतं. दाराशी शिल्प असावं तर असं.

आणि हो, खालून रंगीत झोत सोडू नका. त्या उजेडात पानं आजारी दिसतात, पाखरांची झोप मोडते. हल्ली अंधार म्हणून कुठे शिल्लकच ठेवत नाहीत. संध्याकाळ हळूहळू उतरताना बघणं हेही बागेतलंच सुख आहे.

वेळ होत आली, तेव्हा उरलेलं भराभर सांगते. वाट चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढी, निदान 90 सेंटीमीटर, मोकळी हवी. उंच पत्रा वारा धरतो, म्हणून पायाचं गणित अभियंत्याकडून करून घ्या. गंजाचा थर मुद्दाम धरू देतात ते पोलाद वापरणार असाल, तर सुरुवातीचे पावसाळे त्यातून तांबडं पाणी ओघळतं आणि फरशीवरचा डाग जात नाही. खाली खडी पसरा. पण त्याआधी सांगाडा, खऱ्या मापाचा, त्याच जागेवर. नमस्कार.