डांबरगोळी आणि बर्फ

[दृश्य: पूर्ण अंधार. कपड्यांची सळसळ ऐकू येते.]

एक लहान मुलगी मोठ्या कपाटात शिरते. आत ओळीनं फरचे कोट टांगलेले. दार तिनं किलकिलं ठेवलंय, कारण कपाटात शिरून दार लावून घेणं हा शुद्ध वेडेपणा, एवढं तिला कळतं. कपाटाची मागची फळी हाताला लागेल म्हणून ती हात पुढे करून चालते. फळी लागत नाही. कोटांची आणखी एक ओळ लागते. मग पायाखाली काहीतरी कुरकुरतं. तिला वाटतं, डांबरगोळ्या असतील. वाकून चाचपते तर भुसभुशीत आणि गारेगार. बर्फ.

मराठी घरात ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला फरचा कोट कुठून माहीत असणार? बर्फ पाहिलेला असतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण डांबरगोळी पक्की ओळखीची. आजीच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत, लोखंडी कपाटाच्या तळाशी. त्या एका वासाचं बोट धरून आपणही आत शिरू शकतो. पंचाईत एवढीच, की आपल्या कपाटात कप्पे असतात आणि मधोमध लॉकर. उभं राहायचं कुठे?

[दृश्य: रेल्वे स्टेशनवर मुलांची रांग. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी.]

ती मुलगी म्हणजे ल्युसी, आणि पुस्तक सी. एस. लुईस यांचं, १९५० सालचं. ल्युसी आणि तिची भावंडं त्या कपाटाच्या घरात पाहुणी म्हणून आलेली नाहीत. लंडनवर बॉम्ब पडतील म्हणून त्यांना खेड्यात पाठवलंय. १९३९च्या सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनच्या शहरांतून सुमारे १५ लाख माणसं अशी हलवली गेली. त्यांत निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, आईवडिलांना सोडून निघालेली. ऑक्सफर्डजवळ लुईस यांच्या स्वतःच्या घरीही अशा मुली राहायला आल्या. घरात मुलांचा वावर नसलेला हा मध्ययुगीन साहित्याचा प्राध्यापक, आणि अंगणात अचानक लंडनच्या शाळकरी पोरी.

कथेचं बी मात्र त्याहून जुनं. बर्फाळ रान, त्यात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक फॉन, म्हणजे कमरेखाली बकरा आणि वर माणूस. हे चित्र सोळाव्या वर्षापासून आपल्या डोक्यात होतं, असं लुईस यांनी लिहून ठेवलंय. त्याची गोष्ट व्हायला युद्ध यावं लागलं.

आणि कपाट? तेही होतं. लुईस बेलफास्टचे. घर मोठं, लांबच लांब बोळ, माळे, पाण्याच्या टाक्यांची गुडगुड आणि खोल्याखोल्यांतून पुस्तकं. त्या घरात आजोबांनी स्वतः बनवलेलं ओक लाकडाचं नक्षीदार कपाट होतं. लुईस नऊ वर्षांचे असताना, १९०८ साली, त्यांची आई गेली. घर पुढे सुटलं, कपाट मात्र ऑक्सफर्डला आलं. आज ते अमेरिकेत, इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजच्या संग्रहात आहे. आत कोट टांगून ठेवलेत आणि बाहेर मिश्कील सूचना: आत जाऊन कुणी हरवलं तर आमच्यावर जबाबदारी नाही.

जरा आडवाटेनं जातो. कपाटाचा मान तसा एडिथ नेसबिट यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या एका कथेत शिक्षा म्हणून खोलीत बसवलेली मुलगी रेल्वेचं टाइमटेबल चाळते. त्यात एका स्टेशनचं नाव सलग, एका दमात छापलेलं: पाहुण्यांच्याखोलीतलंमोठंकपाट. ती उठून कपाट उघडते आणि प्रवासाला लागते. लुईस लहानपणापासून नेसबिटचे वाचक. त्यांचा फॉनही ‘स्पेअर रूम’ आणि ‘वॉर्डरोब’ ही कुठल्याशा दूरच्या मुलखातली गावं समजून बसतो, हा योगायोग म्हणायला मन धजत नाही.

[दृश्य: एकेक करून बंद होणारी दारं.]

ल्युसी परत येऊन भावंडांना सांगते. सगळे कपाट उघडतात, थोरला भाऊ आत शिरून मागच्या फळीवर टकटक करतो. घट्ट लाकूड. मला हे पान बर्फाच्या पानापेक्षाही खरं वाटतं. खोटं न बोलणारी मुलगी, आणि तिला खोटं पाडणारी एक फळी.

ही दारं हट्टी असतात. १८६५ साली ॲलिस, जिला मराठीत जाई हे गोड नाव मिळालं, सशाच्या बिळात पडली. तिच्यासमोर जेमतेम पंधरा इंचांचं दार होतं, पलीकडे सुंदर बाग. ती मोठी असते तेव्हा दारात डोकंही मावत नाही. लहान होते, तर किल्ली उंच टेबलावर राहिलेली. लुईस यांच्या पुस्तकातला घरमालक, म्हातारा प्राध्यापक, तर बजावतोच, त्याच वाटेनं पुन्हा जायचा प्रयत्न करू नका, शोधत नसाल तेव्हाच ते होईल.

म्हणूनच लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनचा पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म मला कधी फारसा भावला नाही. १९९७ सालच्या पहिल्या ‘हॅरी पॉटर’ पुस्तकातली भिंत दर एक सप्टेंबरला वेळेवर उघडते, तिकीट असेल त्याला आत घेते. ते दार कमी आणि लोकलचा पास जास्त. गंमत म्हणजे प्लॅटफॉर्मची मांडणी लिहिताना आपला किंग्ज क्रॉस आणि यूस्टन यांत घोटाळा झाला, हे लेखिकेनंच कबूल केलंय. तरी स्टेशनात भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली ठेवलीय आणि फोटोसाठी रांग लागते.

अ‍ॅलन गार्नरचं दार भीतिदायक. १९६५ सालच्या ‘एलिडॉर’मध्ये मँचेस्टरच्या पाडापाडी चाललेल्या वस्तीत, मोडक्या चर्चमधून मुलं पलीकडे जातात. परत येतात, पण पलीकडचं जग माग सोडत नाही. बाहेर कुणी नसताना घराचं पुढचं दार खडखडतं. प्लग काढलेली यंत्रं आपोआप सुरू होतात.

[दृश्य: ऑक्सफर्ड, सन्डरलंड अ‍ॅव्हेन्यू. रात्र. हॉर्नबीमची झाडं, मागे वाहनांचा आवाज.]

या रस्त्यावर पाहण्यासारखं काही नाही. शहराच्या उत्तर टोकाचा हमरस्ता. फिलिप पुलमन यांनी १९९७ साली ‘द सटल नाइफ’ या कादंबरीसाठी नेमका हाच निवडला. बारा वर्षांचा विल रात्री इथे उभा आहे. एक मांजर हवेतच कशाला तरी पंजा मारते, दचकते, पुढे होते आणि दिसेनाशी होते. विल जवळ जातो. हवेत एक चौकोन कापल्यासारखा. बाजूनं पाहिलं तर नाही, मागून पाहिलं तर नाही. पलीकडे गवत, इथल्यासारखंच. पण ते गवत या जगातलं नाही, हे त्याला पाहताक्षणी कळतं.

पुलमन यांना नार्नियाचा, म्हणजे ल्युसीच्या कपाटापलीकडच्या जगाचा, मनस्वी राग, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. मोठी होऊ लागलेल्या सूझनला, ल्युसीच्या बहिणीला, लुईस यांनी गोष्टीबाहेर ठेवलं, हे त्यांना सहन होत नाही. माझंही मत त्यांच्याच बाजूनं. पण त्यांची नायिका लायरा मालिकेच्या पहिल्याच प्रकरणात लपते कुठे? कपाटात!

पुलमन यांच्याकडे दार उघडायची किंमत मोजावी लागते. एका जादुई सुरीनं हवेत कापलेल्या प्रत्येक खिडकीतून काहीतरी मोलाचं गळतं, म्हणून शेवटी त्या मिटवाव्या लागतात. विल एका जगात, लायरा दुसऱ्या. दोन्ही जगांतल्या वनस्पती उद्यानात एकच बाक. वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यात, दुपारी बारा वाजता, तासभर दोघं आपापल्या बाकावर बसणार. ऑक्सफर्डमध्ये तो बाक खरोखर आहे. वाचक येऊन बसतात.

[दृश्य: जुन्या घराचा दिवाणखाना. उभं घड्याळ. टोले.]

शेवटचं दार फिलिपा पिअर्स यांच्या घरात. केंब्रिजजवळच्या ग्रेट शेल्फर्डमध्ये वडिलांची पिठाची गिरणी, तिथलं गिरणीघर आणि बाग. त्याच बागेवरून १९५८ सालची कादंबरी बेतलीय, ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’. भावाला गोवर, म्हणून टॉमला काका-काकूंकडे पाठवतात. जुन्या वाड्याचे फ्लॅट झालेत, खेळायला जागा नाही. खालच्या घड्याळात रात्री तेरा टोले पडतात. टॉम उतरतो. अंधारात काटे दिसत नाहीत, चांदणं आत यावं म्हणून मागचं दार उघडतो. समोर हिरवळ, फुलांचे वाफे, उंच झाडं. सकाळी तेच दार उघडतो तर फरसबंदी आणि कचऱ्याचे डबे.

रात्रीमागून रात्री तो जातो. फ्लॅटचं दार लागू नये म्हणून फटीत सपात अडकवून. बागेत हॅटी भेटते, जुन्या काळातली पोरकी मुलगी. टॉम तेवढाच राहतो, ती वाढत जाते. एकदा तो तिला सांगतो, तुझे स्केट माझ्या खोलीतल्या कपाटात, फळीखाली ठेवत जा. मग आपल्या काळात फळी उचलतो, तर स्केट तिथेच. दोघं गोठलेल्या नदीवरून ईली शहरापर्यंत जातात, पायांत एकच जोडी.

शेवटच्या रात्री टॉम धावत येतो, दार उघडतो आणि डब्यांवर आपटतो. बाग नाही. तो तिला हाक मारतो, इतक्या मोठ्यानं की सगळी बिऱ्हाडं जागी होतात.

सकाळी त्याला माफी मागायला वर पाठवतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर घरमालकीण राहते. सुरकुतलेल्या बाई. ते घड्याळ त्यांचंच. त्या दार उघडतात आणि त्याचं नाव विचारतात.