महायुद्ध नेमकं संपलं कधी?

(दृश्य : सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. चावडीच्या भिंतीत बसवलेला एक दगड.)

सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत असा एखादा दगड दिसतो. चावडीच्या भिंतीत, नाहीतर शाळेच्या. या गावातून महायुद्धावर इतके गडी गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच काय तो मजकूर. नावं बहुधा नसतात, फक्त आकडे. आणि सोबत साल : 1914 ते 1919.

शाळेत आपण पाठ केलं ते 1918. अकराव्या महिन्याची अकरा तारीख, सकाळचे अकरा. घोकायला सोपं. मग दगडावर 1919 कुठून आलं? पाथरवट चुकला नव्हता. ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना जे विजयपदक दिलं, त्याच्या मागच्या बाजूलाही 1914–1919 असंच कोरलेलं आहे. पहिलं महायुद्ध एका सकाळी थांबलंच नाही. ते हप्त्याहप्त्याने संपलं, आणि शेवटचा हप्ता फिटायला पुढची सहा वर्षं गेली.

सुरुवात थोडक्यात सांगतो, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. 28 जून 1914 ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं आणि करारांनी एकमेकांत गुंतलेली राष्ट्रं आठवड्याभरात रणात उतरली. फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात खंदक खणले गेले, आणि पुढची तीन वर्षं ती आघाडी फारशी हललीच नाही. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आलं, तसं युद्ध इराक-पॅलेस्टाईनपर्यंत पसरलं. हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून तोही युद्धात. त्याला कुणी विचारलं नाही. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली.

(दृश्य : 1918 चा नकाशा. पश्चिम आघाडीवर जर्मन चढाईचे बाण.)

1918 च्या मार्चमध्ये जर्मनी हरणार, असं कुणी छातीठोकपणे म्हटलं नसतं. रशिया युद्धातून बाहेर पडला होता. ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाने पूर्वेचा प्रचंड मुलूख जर्मनांच्या हाती आला होता. तिकडच्या मोकळ्या झालेल्या पलटणी पश्चिमेला आणून सेनापती लुडेनडॉर्फने 21 मार्चला जंगी चढाई केली. पॅरिसवर लांब पल्ल्याच्या तोफेचे गोळे पडू लागले. पण चढाई जितकी पुढे गेली तितकी रसद मागे पडली, आणि समोर अमेरिकेचे ताज्या दमाचे सैनिक लाखांनी उतरत होते. 8 ऑगस्टला दोस्त राष्ट्रांनी आमिआँजवळ रणगाडे घेऊन उलटा हल्ला चढवला. जर्मन सैनिक हजारोंनी शरण आले. लुडेनडॉर्फने स्वतःच त्याला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटलं.

तरी त्याचा धीर खरा सुटला तो बाल्कनमधल्या बातमीने, जिकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. सप्टेंबरच्या मध्यावर दोब्रो पोलच्या डोंगरात जर्मनीचा साथीदार बल्गेरिया याची फळी फुटली. 29 सप्टेंबरला बल्गेरियाने सालोनिकात शस्त्रसंधीवर सही केली. हा पहिला हप्ता. त्याच दिवशी बेल्जियममधल्या स्पा गावी, जर्मन मुख्यालयात, लुडेनडॉर्फ आणि सरसेनापती हिंडेनबुर्ग कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगत होते : युद्धबंदी मागा, आणि ताबडतोब मागा.

इथेच एक डाव खेळला गेला. गेली दोन वर्षं राज्यकारभारही जवळजवळ लष्करच चालवत आलं होतं. आता मात्र लुडेनडॉर्फला अचानक लोकशाहीची आठवण झाली. संसदेतल्या पक्षांना सरकारात घ्या, आणि ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्यांनाच तह करू द्या, असं तो आपल्या अधिकाऱ्यांना म्हणाला. म्हणजे युद्ध हरायचं सेनापतींनी आणि सही करायची दुसऱ्यांनी. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने राजीनामा दिला, आणि पुढे निळा चष्मा नि खोटी दाढी लावून हा गृहस्थ स्वीडनला निसटला.

(दृश्य : तैग्रिस नदी. कूत शहराचं जुनं छायाचित्र.)

दुसरा हप्ता तुर्कस्तानचा, आणि त्याचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

सहावी पूना डिव्हिजन 1915 मध्ये बगदादच्या दिशेने निघाली होती. सेनापती जनरल टाउनशेंड. बगदादच्या अलीकडे मार खाऊन ही फौज मागे फिरली आणि तैग्रिसच्या एका वळणावर, कूत शहरात, वेढली गेली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : 103, 110 आणि 117. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी तोफखान्याची घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी सैनिकांनी ते मांस बराच काळ नाकारलं, आणि ते अधिकच खंगले. सुटकेसाठी आलेल्या फौजेची हजारो माणसं वाटेतच पडली. पैसे देऊन सैन्य सोडवता येतं का, तेही इंग्रजांनी करून पाहिलं. 29 एप्रिल 1916 ला टाउनशेंड शरण गेला. बारा-तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत लढणारे होते, तसे पाणके, स्वयंपाकी, खेचरवालेही होते. त्यांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं. पुढे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं. हजारो माणसं तिथेच संपली.

आणि टाउनशेंड? त्याला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला, नोकर दिले. ऑक्टोबर 1918 मध्ये तुर्की सरकारला बोलणी सुरू करायची होती, तेव्हा दूत म्हणून इंग्रजांकडे कोणाला पाठवावं? यालाच. कूतचा पराभूत सेनापती युद्धबंदीचा निरोप घेऊन आला. पुढे तो खासदारही झाला. शिपायांची हाडं आणि सेनापतीची कारकीर्द, दोन्हींचा हिशेब वेगळ्या वह्यांत असतो, हे कळायला एवढी एक गोष्ट पुरे.

30 ऑक्टोबरला लेम्नॉस बेटापाशी मुद्रोस बंदरात, 'अगमेम्नॉन' या ब्रिटिश युद्धनौकेवर सह्या झाल्या. त्याच दिवसांत वर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, शर्कातजवळ 114 वी मराठा पलटण तुर्कांशी निकराने लढत होती. युद्धबंदी लागू झाल्यावर इंग्रज पुढे सरकले आणि मोसुल ताब्यात घेतलं. ते त्यांचं कसं, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. मदिनेतल्या तुर्की सेनापतीने, फख्री पाशाने, तर युद्धबंदी मानलीच नाही. तो जानेवारी 1919 पर्यंत शहर धरून बसला.

ऑस्ट्रियाचा शेवट निव्वळ गोंधळात झाला. 3 नोव्हेंबरला पादुआजवळ सह्या झाल्या. ऑस्ट्रियन सैनिकांना वाटलं, लढाई थांबली. इटलीच्या मते ती 24 तासांनी थांबणार होती. शस्त्रं खाली ठेवून बसलेल्या माणसांना त्या एका दिवसात इटालियनांनी गठ्ठ्याने कैद केलं.

(दृश्य : काँपिएनचं जंगल. रुळांवर उभा रेल्वेचा डबा.)

आता जर्मनी. कील बंदरातल्या खलाशांनी बंड केलं होतं. हरलेल्या युद्धात आरमाराची अब्रू राखायला मरायचं त्यांनी नाकारलं. बंड शहराशहरांत पसरलं. याच गडबडीत जर्मन शिष्टमंडळ पांढरं निशाण लावून मोटारींतून फ्रेंच हद्दीत शिरलं. प्रमुख होता माटियास एर्झबर्गर. लष्करी माणूस नव्हे, कॅथलिक पक्षाचा पुढारी. 1917 मध्ये संसदेत समेटाचा ठराव आणणारा हाच. आता सहीचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

8 नोव्हेंबरच्या सकाळी काँपिएनच्या जंगलात त्यांची गाडी उभी राहिली. समोरच्या रुळावर दोस्तांचे सरसेनापती मार्शल फॉश यांची गाडी. मूळचा जेवणाचा डबा, आता कचेरी केलेला. फॉशनी विचारलं, हे लोक कशासाठी आलेत? युद्धबंदीबाबत तुमचे प्रस्ताव ऐकायला, असं उत्तर आलं. फॉश म्हणाले, माझ्याकडे प्रस्ताव वगैरे काही नाहीत. युद्धबंदी मागताय का? मागत असाल तर तसं म्हणा.

तसं म्हणावं लागलं. मग अटी वाचल्या गेल्या. फ्रान्स, बेल्जियम, आल्सेस-लोरेन 15 दिवसांत रिकामं करा. 5,000 तोफा द्या. 5,000 इंजिनं आणि दीड लाख डबे द्या. ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह रद्द. समुद्रावरची नाकेबंदी मात्र चालूच राहील. विचाराला 72 तास.

एर्झबर्गरने विनंती केली : बोलणी चालू आहेत तोवर तरी गोळीबार थांबवा. फॉश नाही म्हणाले. या नकाराचं लष्करी कारण देता येतं. जर्मनांना सावरायला उसंत मिळू नये, हे खरंच. पण ते तीन दिवस दोन्हीकडच्या किती घरांना महागात पडले, हेही लक्षात ठेवायला हवं.

9 तारखेला कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली. 10 तारखेला तो हॉलंडला पळाला. म्हणजे एर्झबर्गरला ज्यांनी पाठवलं ते सरकारच उरलं नव्हतं. हिंडेनबुर्गचा निरोप आला : अटी सौम्य करून घेता आल्या तर पाहा, नाहीतर आहे तशी सही करा. 11 नोव्हेंबरला पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. लढाई थांबणार होती अकराला.

(दृश्य : घड्याळ नको. म्यूज नदीकाठचं धुकं आणि तोफांचा आवाज.)

मधल्या तासांत बातमी आघाडीवर पोचली होती. तरी कित्येक ठिकाणी हल्ले ठरल्याप्रमाणे झाले. एका अमेरिकन सेनापतीने स्टेने गावावर चाल केली, कारण तिथे आपल्या सैनिकांना अंघोळीची सोय होईल असं त्याला कळलं होतं. त्या अंघोळीपायी तीनशेवर माणसं जखमी नाहीतर ठार झाली. व्रीन्य-म्यूज इथे ओग्युस्तँ त्रेब्युशाँ हा फ्रेंच निरोप्या अकराला काही मिनिटं असताना पडला. साडेअकराला जेवणासाठी जमा, हा त्याच्याकडचा निरोप. त्याच्या कबरीवर तारीख 10 नोव्हेंबरची आहे. युद्धबंदीच्या दिवशी माणसं मारली गेली, हे सैन्याला कागदावर नको होतं. अमेरिकेचा हेन्री गुंथर 10 वाजून 59 मिनिटांनी गेला. जर्मन त्याला मागे फिर म्हणून हातवारे करत होते. त्या एका दिवसात सगळ्या बाजूंचे मिळून सुमारे 2,700 जण मेले.

आफ्रिकेत तर बातमीच उशिरा गेली. जर्मन सेनापती लेटो-फोरबेक तिथे चार वर्षं इंग्रजांना झुलवत होता. नोव्हेंबर 1914 मध्ये टांगा बंदरावर हिंदी फौज उतरली, तिला त्यानेच परतवलं होतं. ती फौज मुंबईहून निघाली होती. त्या लढाईत मधमाश्याही उठल्या आणि त्यांनी दोन्ही बाजूंना सारखंच फोडून काढलं. 13 नोव्हेंबर 1918 ला या माणसाने आजच्या झांबियातलं कसामा गाव जिंकलं, युद्ध थांबून दोन दिवस झाल्यावर! त्याने शस्त्रं खाली ठेवली 25 नोव्हेंबरला.

युद्धबंदी म्हणजे तह नव्हे. 1919 च्या मार्चपर्यंत जर्मनीत अन्नधान्य जाऊ दिलं नाही. नाकेबंदी पुरती उठली जुलैमध्ये. व्हर्सायच्या तहावर 28 जून 1919 ला सह्या झाल्या, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. दगडावरचं 1919 ते हे.

हिंदुस्थानच्या वतीने तिथे सही केली भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. काँग्रेसने या परिषदेसाठी निवडलेल्यांत लोकमान्य टिळकांचं नाव होतं. तेव्हा ते चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिसपासून हाकेच्या अंतरावर. पॅरिसला जायचा परवाना मिळाला नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवलं, तेवढंच. वर्षभरापूर्वी, 10 जून 1918 ला, मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्धपरिषदेत टिळकांनी मदतीबरोबर स्वराज्याचा विषय काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच अडवलं होतं. सैनिक हवे होते, बोलणारे नको होते. त्याच जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला होता. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून जास्त माणसं नेली. रणात पडले त्यांच्यापेक्षा कितीतरी पट.

(दृश्य : ब्लॅक फॉरेस्टमधली पायवाट. मग सरकारी राजपत्राचं पान.)

जर्मनीत तोवर नवी कथा पिकली होती : सैन्य हरलंच नाही, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला. हिंडेनबुर्गने चौकशी समितीपुढे हेच सांगितलं, लुडेनडॉर्फने तर त्याचा प्रचारच मांडला. सही ज्याची होती तो सापडायला सोपा होता. 26 ऑगस्ट 1921 ला बाड ग्रीसबाख इथे फिरायला निघालेल्या एर्झबर्गरला दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांनी गोळ्या घालून मारलं. पाचच दिवसांनी, 31 ऑगस्टला, ब्रिटनने महायुद्ध कायद्याने समाप्त झाल्याचं ठरवलं. अपवाद एकच, तुर्कस्तान. तुर्कस्तानशी झालेला लोझानचा तह अमलात येईपर्यंत, म्हणजे 6 ऑगस्ट 1924 पर्यंत, कायद्याच्या लेखी तिथलं युद्ध चालूच होतं.