मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि उरलेले शरीर

(दादर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मेंदूवरच्या दोन पातळ आवरणांमधल्या जागेत पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्याही तेथूनच जातात. अशा धमनीवर आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की रक्त त्या द्रवात पसरते. डोक्याला मार लागलेला नसताना या जागेत होणाऱ्या रक्तस्रावांपैकी सुमारे ८५ टक्क्यांचे कारण हा फुगाच असतो. पूर्वी कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात उठते, आणि आपल्याकडे पुष्कळदा ती पित्ताची किंवा उन्हाची समजून दिवस घरीच काढला जातो.

मला आज सांगायचे आहे ते त्यानंतरचे. फुगा फुटताच कवटीतला दाब एकदम चढतो आणि मेंदूच्या खोल भागातून सुटलेल्या संदेशांमुळे रक्तात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा येतो. त्याचा पहिला आघात हृदयावर होतो: हृदयाच्या धमन्या मोकळ्या असूनही त्याचा स्नायू लुळा पडतो, ईसीजी बिघडतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन वाढते. लोकलच्या फलाटावर कोसळलेल्या प्रवाशाचा असा ईसीजी पाहून हृदयविकाराचा झटका समजले गेले आणि रक्त पातळ करणारी औषधे दिली गेली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणून शुद्ध हरपण्याआधी डोके प्रचंड दुखले होते का, हा प्रश्न सोबतच्या माणसाला विचारलाच पाहिजे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन आधी व्हायला हवा. सुदैवाने हृदयाचा हा दुबळेपणा बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, परंतु तेवढा काळ रुग्णाला तगवून धरावे लागते.

त्याच लोंढ्यामुळे फुप्फुसांत पाणी भरू शकते. पुढे बेशुद्ध रुग्णाचा गिळण्या-खोकण्यावरचा ताबा सुटला की न्यूमोनिया होतो. दोन्हींत रक्तातला प्राणवायू घटतो आणि आधीच उपाशी असलेल्या मेंदूची आणखी उपासमार होते.

सोडियमचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. या रुग्णांत सोडियम वारंवार उतरते. कधी शरीर पाणी धरून ठेवते म्हणून, तर कधी मूत्रपिंडांवाटे मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जातात म्हणून. एरवी सोडियम कमी झाले की पाणी तोडण्याचा उपाय केला जातो. येथे तो घातक ठरू शकतो, कारण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत मेंदूच्या धमन्या आकुंचन पावतात आणि त्या काळात रक्ताचे आकारमान घटले तर मेंदूचा एखादा भाग कायमचा निकामी होतो. उलट सलाइनचा मारा केला तर तेच दुबळे हृदय आणि तीच ओली फुप्फुसे आड येतात. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची खरी कसोटी इथे लागते, असे माझे मत आहे.

उत्तर अमेरिकेतल्या अनेक केंद्रांचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूबाहेरच्या गुंतागुंतींमुळे झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या २३ टक्के होते, म्हणजे धमन्या आकुंचन पावल्यामुळे झालेल्या मृत्यूंइतकेच. त्यानंतर उपचार सुधारले, तरी ताप, वाढलेली साखर आणि रक्तक्षय यांचा रुग्ण पुढे कितपत सावरतो याच्याशी असलेला संबंध नंतरच्या अभ्यासांतही दिसला आहे.

त्यामुळे बाहेरून क्लिप (चिमटा) लावून किंवा आत कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) भरून फुगा बंद झाल्यावर नातेवाईक जेव्हा विचारतात, “ऑपरेशन यशस्वी झाले ना, मग वॉर्डात का हलवत नाही?”, तेव्हा त्यांना हे सारे समजावून सांगायला हवे. धमन्या आकुंचन पावल्याने मेंदूची होणारी हानी कमी व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या निमोडिपिनच्या गोळ्यांचेही तसेच आहे: दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस, म्हणजे रात्रीही झोपेतून उठवून. रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर तोच डोस विभागून दर दोन तासांनी ३० मिलिग्रॅम देतात. नातेवाइकांनी आपल्या मनाने गोळी वगळू नये.