हुमणीचं औषध जिवंत असतं

नमस्कार मंडळी. ऊसवाल्यांना मुळं खाणारी हुमणी अळी काय ते सांगायला नको, पिवळं पडलेलं बेट नुसतं ओढलं तरी उपटून हातात येतं. आज या हुमणीच्या अंगात शिरणाऱ्या सूत्रकृमींबद्दल, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींबद्दल बोलू. टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारे वेगळे, हे फक्त किडीवर जगतात. यातली हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका ही जात आपल्याच देशातली, कोईमतूरला सापडलेली, 1992 साली तिचं बारसं झालं. हा सूत्रकृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, अळीच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत घुसतो, पोटातले जिवाणू सोडतो आणि अळी काही दिवसांत खलास. पण औषध जिवंत आहे, परत सांगतो, जिवंत आहे.

का सांगतोय, तर ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट ऐका, मला फार आवडते ती. सिरेक्स नावाची युरोपातली गांधीलमाशी तिकडं पोचली, ती पाइनच्या खोडाला भोक पाडून अंडी घालते, सोबत एक बुरशी सोडते आणि झाड वाळतं. तिच्यावर एक सूत्रकृमी मिळाला, तो तिला मारत नाही, तिच्या अंड्यांत शिरतो, म्हणजे माशी झाडाझाडावर अंडी घालत फिरते आणि आत पिल्लू नसतंच, सूत्रकृमीच! रॉबिन बेडिंग या शास्त्रज्ञांनी पाहिलं की माशी नसली तर हा त्याच बुरशीवर जगतो, वाढतोही. मग काय, लॅबमध्ये वर्षानुवर्षं बुरशीवरच वाढवून जंगलात सोडत राहिले. आणि 1987 पासून दोन-तीन वर्षांत एकाच भागात 50 लाखांवर पाइन मेले. शोध घेतला तर मोठं कारण हे, की पिढ्यान्‌पिढ्या आयती बुरशी खाऊन त्याची माशीत शिरायची खोडच मोडलेली! मग तिथल्याच टास्मानिया बेटावर कामोनाच्या जंगलात गेले, तिथं 1970 ला सोडलेल्यांची पिलावळ माशीतूनच वाढत होती, 1991 ला तिथून वाण परत आणलं, आजही त्याला कामोनाच म्हणतात.

म्हणून दादांनो, ताईंनो, पाकीट घेताना तारीख बघा, उन्हात तापलेलं घेऊ नका, विरघळवून दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. ओल हवी आणि सूर्य कललेला हवा, ओल आणि संध्याकाळ, लक्षात ठेवा.   जून-जुलैत अळी बारीक असतानाच बुडात आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता, पंपाच्या नोझलची बारीक जाळी तेवढी काढा, नाहीतर सूत्रकृमी तिथंच अडकतात.

आठ-दहा दिवसांनी बेटाखाली उकरून बघा. विटकरी रंगाची मेलेली हुमणी दिसली तर बांधावर फेकू नका, तिच्यातून नवे सूत्रकृमी बाहेर पडतात, तिथंच ओल्या मातीत परत पुरा.